न विचारलेली भिंत

पिठाची खळ शिजल्याचा वास आला की मला मुकुंदवाडीतली ती भिंत आठवते. विद्यापीठाच्या नामांतराची पोस्टरं चिकटवताना एक मी शेजारच्या मावशीच्या भिंतीवरही लावलं. मावशी मेंढरं विकून शहरात मजुरीला आलेली, एकटी राहायची. कंपनीतून दमून आलेल्या आईनं पोस्टर पाहिलं आणि म्हणाली, "तिला इचारलं का गं?" मी फणकारले, "हक्काच्या लढाईत परवानगी कसली मागायची?" "हक्क तिलाबी हाय ना बाई. भिंत तिची हाय." मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी भरदुपारी नामांतराला विरोध करणाऱ्या पोरांनी तिच्या घरावर दगड टाकले आणि एक तिच्या कपाळाला लागला. आई मला दंडाला धरून तिच्याकडं घेऊन गेली. जखमेवर हळद दाबून बसलेल्या मावशीनं एवढंच विचारलं, "पोरी, मला वाचता येत नाय. काय लिवलंय तिथं?" मी वाचून दाखवलं. "मग खरंच हाय की," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर मीच लाव म्हनले असते." आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आज मी सभांमधून लोकांच्या वतीनं ठणकावून बोलते, पण त्यातल्या किती जणांना आधी विचारलं, हे मला कुणी विचारू नये असं वाटतं.