देवगावची वाटणी आणि दोन परके पंच

वेरूळला गेलात तर तिथूनच माघारी फिरू नका, कसाबखेड्यावरून देवगाव रंगारीकडे गाडी वळवा. बघण्यासारखं तिथं फारसं काही नाही. कापूस, मका आणि माझे दोन मामा. पण माझी सगळ्यात भारी सहल तिथंच झाली, नव्वदच्या दशकात.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होतो. ठिबकच्या नळ्यांचं यंत्र बसवायला इस्रायलहून यारोन आला होता. रविवारी त्याला वेरूळ दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या माडीवर भाड्यानं राहणारा सामी म्हणाला, "मैं भी चलूँ?" सामी पॅलेस्टिनी, फार्मसी शिकायला आलेला. जीपमध्ये जागा होती, म्हटलं चल.

दौलताबादच्या दरवाजातून जीप बाहेर पडेपर्यंत दोघांनी एकमेकांचा देश विचारून घेतला. पुढं वेरूळपर्यंत फक्त इंजिन बोलत होतं.

लेणी सकाळीच बघा, आणि मंगळवारी जाऊ नका, बंद असतात. कैलास लेण्यात एक पाहुणा या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे मी. बाहेर सीताफळं स्वस्त आणि झकास. ती खाताना सामी म्हणाला, तिकडं शांततेची बोलणी चाललीत. शिकायला बाहेर राहिल्यामुळं इस्रायलच्या नियमानं त्याचा घरी परतायचा हक्कच गेला होता. बोलणी जमली तर आई भेटणार होती.

जेवायला मामांकडं पोचलो तर अंगणात वाटणीची बैठक. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं जमिनीचे वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. पंच मात्र कुणालाच पटेनात. थोरल्या मामांची नजर माझ्या पाहुण्यांवर गेली.

"हे परके लोक हैत. त्यांना आपल्या भांडणाचं काय घेणं? बसवा ह्यांनाच!"

झालं! दोघं एकाच बाजेवर, मी दुभाषी. यारोननं विहिरीचं विचारलं. धाकटे मामा म्हणाले, "इहीर वाट्यात धरत नाय. पाणी दोघांचं, पाळीनं घ्यायचं."

त्यानं मान डोलावली. मग सामीनं विचारलं, "दोन्ही वाट्यांवर एकच जण बसलेला असेल तर?"

मी भाषांतर करतोय तोवर यारोन म्हणाला, "आणि उठलो की मार बसेल, अशी त्याला भीती असेल तर?"

थोरल्या मामांनी दोघांकडं निरखून पाहिलं. "म्हंजी ह्यांचीबी वाटणी ऱ्हायलीय व्हय? आधी सांगायचं नाय का! पंच म्हणून बसवलंच नसतं!"

अंगणभर हशा पिकला. भाषांतर ऐकून ते दोघंही हसले, लई हसले. मामांची वाटणी त्याच दिवशी झाली. एकाच परातीत बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत खाताना मी मामांना सामीच्या आईचं सांगितलं, मग निघालो. येताना जीपमध्ये दोघं बोलत होते, मधेच आवाज चढत होते, पण बोलत होते.

बोलणी पुढं फिसकटली. यारोन कधीच परत गेला होता. सामीनं दुसऱ्याच देशात दुकान टाकलं. आई गेल्याचं त्याला फोनवर कळलं.

परवा देवगावला गेलो. थोरले मामा आता थकलेत. विहिरीचं पाणी अजून पाळीनंच चालतं. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "त्या पोरांची वाटणी झाली का रं?"

"नाही मामा."

"मग त्या पोराची माय?"

मी सांगितलं. मामा उठले आणि बाजेवर दोघं बसले होते तिथली धूळ उपरण्यानं झटकू लागले.