नंदाच्या झेंडूचं बी

"ताई, आपली नंदा गेली... झोपेतच." भोईवाड्यातून तिच्या भावाचा फोन आला. माहीमहून मी पोचले तेव्हा चाळीत त्रिसरण सुरू झालं होतं. पांढऱ्या साडीतली नंदा, छातीवर झेंडूची फुलं. ती कुठली, हे गॅलरीतली कुंडी पाहायच्या आधीच मला कळलं.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. दादरच्या फुलबाजारात बाकीचे हार बघायचे, ही झेंडूंच्या सोयरिकी जुळवायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिला माणसांची स्थळं दिसत नाहीत, फुलांची बरी दिसतात! मोठ्या आणि बुटक्या झेंडूचा तिनं संकर केला होता. तो फुलायचा भरभरून, पण बी धरायचा नाही.

"अगं, एकाकडून गुणसूत्रांचा एक संच आला, दुसऱ्याकडून दोन," ती समजावायची. "जोडीला जोडी मिळणार कशी? सगळे संच दुप्पट केले, की प्रत्येकाला जोडीदार. आपल्या चपातीचा गहू असाच तर झालाय!"

दुप्पट करायचं औषध जहाल. कोवळी रोपं पटापट मरायची. कित्येक वर्षांनी एकच जगलं. सूक्ष्मदर्शकाखाली जोड्या दिसल्या तेव्हा ही बाई स्टाफरूममध्ये रडली होती. मग परागसिंचन करून, दुसरे पराग पडू नयेत म्हणून फुलांवर बटरपेपरच्या पिशव्या बांधल्या. गॅलरीतलं ते झाड वाळायला लागलं होतं, ही त्याची शेवटचीच फुलं. बी भरायला थोडे दिवस हवे होते... तेवढेच.

त्या दिवशी नंदाच्या आई माझा हात धरून म्हणाल्या, "तिनं वाढवलेली फुलं तिलाच वाहिली, बाय. बाजारची नाय आणली." एक सोडून सगळी फुलं तिच्याबरोबर गेली.

ते एक आईंनी फोटोपुढे ठेवलं होतं. महिन्याभरापूर्वी गेले, तर त्याच्या वाळलेल्या, बियांसारख्या काड्या हातावर घेऊन बसलेल्या. "हे लावू काय गं? तिचीच झाडं येतील." मी एक काडी चिमटीत दाबली. पोकळ होती, आत बी भरलंच नव्हतं. "लावा ना, आई," म्हटलं.

आज पुन्हा गेले होते. त्या काड्या पेरलेल्या कुंडीत काटकी खोचून त्यांनी तिला बटरपेपरची पिशवी बांधून ठेवली आहे, नंदा बांधायची तशीच. झेंडू उगवायला आठवडाही लागत नाही, हे आईंना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी त्या सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात.