खंडेनवमीची साफसफाई

चहा येईपर्यंत ऐका, मी एकदा अकलेचे तारे कसे तोडले ते सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, मला आता सवय झालीय.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी पेणला रामवाडीत राहायचो आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचो. कोर्स केलेला मी एकटाच, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी.

माझं मुख्य काम बॅकअपचं. सगळ्या खात्यांचे कॉम्प्युटर माझ्या खोलीतल्या मोठ्या मशीनला जोडलेले. सगळे घरी गेले की ते मशीन आपलं आपण प्रत्येकाच्या फायली टेपवर उतरवून ठेवायचं आणि काय काय केलं त्याची यादी करायचं. मी सकाळी फक्त टेप बदलायची. यादी? खरं सांगा, तुम्ही तरी वाचली असती का?

आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पंप न पंप घासूनपुसून, झेंडूची माळ घालून पूजेला बसतो. मग माझं मशीन का मागे राहील? मी ते पुसलं, हळदकुंकू वाहिलं. साहेब नारळ फोडायला येणार म्हणून स्क्रीन उघडला, तर समोर ती यादी. जुन्यापुराण्या कामांच्या शेकडो ओळी, आणि मधेमधे लाल फुल्या! सणाच्या दिवशी हे काय ध्यान? सगळ्या ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. मशीनने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. साहेबांनी स्वच्छ स्क्रीन बघून चारचौघांत माझं कौतुक केलं, आणि मी दिवसभर छाती काढून फिरलो.

दसऱ्याची सुट्टी संपवून शुक्रवारी कामावर आलो, तर लॅबमधल्या सुलभाताई दारात उभ्या. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली ही पहिली बी.एस्सी. तीन वर्षं टेंपररी होत्या. तीन महिन्यांच्या तपासण्यांचा रिपोर्ट सोमवारी मुंबईच्या साहेबांपुढे ठेवला की त्यांना कायम करणार होते. आणि नेमका त्यांचा कॉम्प्युटर बसला होता.

"भाऊ, माझं मशीन गेलं. पन तुमच्याकडं हाय ना सगळं?"

"म्हणजे काय ताई, मी बसलोय कशाला?"

आता गंमत बघा. कुठल्या टेपवर काय आहे, हे सांगणारी यादी मीच पुसलेली. म्हणजे एकेक टेप घालून वाचायची, आणि एका टेपला तास. दिवसभरात स्टोअरच्या फायली सापडल्या, टाइम ऑफिसच्या सापडल्या, साहेबांच्या पुतणीची लग्नपत्रिकासुद्धा सापडली. ताईंचं काही नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये त्या शेजारी बसल्या, तेव्हा मी नागोठण्यापर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

शनिवारी त्या माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. माझ्यापायी तुम्हाला किती त्रास, असं वर म्हणाल्या. मी मान खाली घालून पुढची टेप घातली.

दुपारी शेवटच्या टेपवर त्यांचं नाव दिसलं. उघडून बघतो तर फायली तपासण्या सुरू व्हायच्या आधीच्या! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. त्या लाल फुल्या. प्रत्येक फुलीसमोर ताईंच्याच मशीनचं नाव होतं. तीन महिने यादी मला रोज सांगत होती, बाबा, या मशीनपर्यंत मी पोचत नाहीये. आणि मी ते पूजेला शोभत नाही म्हणून पुसलं!

गेलो आणि हात जोडून सगळं सांगितलं. वाटलं, आता रडतील, नाहीतर साहेबांकडे जातील. त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली.

"हातानं पन लिवलंय सगळं. आमचा आबा म्हनतो, मीठ घरात येस्तोवर त्याला मीठ म्हनू नये."

त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. रविवारी आम्ही दोघं लॅबमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलो. त्या आकडे वाचत गेल्या, मी बडवत गेलो. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. सोमवारी ताई कायम झाल्या, हे आत्ताच सांगतो, नाहीतर तुमच्या जिवाला घोर लागायचा.

पण रविवारी निघताना मला थोडी अब्रू परत मिळवायची होती. मी तज्ज्ञाचा चेहरा करून विचारलं, तुमचंच मशीन कसं काय हो चुकायचं? रात्री बंद तर करत नव्हता?

"करते की. रोज."

"अहो ताई, बंद मशीनमधून फायली कशा उतरणार? हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता. 'वीज वाचवा. घरी जाताना कॉम्प्युटर न विसरता बंद करा.' अक्षर माझं. खाली तारीख तीन महिन्यांपूर्वीची, आणि सहीसुद्धा माझीच.

"बाकी कोनच नाय करत, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी एकलीच करते."

अख्ख्या कंपनीत माझं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि मी बुडवायला निघालो होतो तेही नेमकं तेच.