आंजीतला आमचा परदेश

माझी बायको नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती, आणि नागपूरलाही गेली ती नात्यातल्या लग्नांनाच. मी शाळामास्तर, घर सेवाग्रामजवळच्या बोरगाव मेघेत. दोन हजार सालानंतर शेजारच्या नालवाडीत इंटरनेटचं दुकान निघालं, तिथे मला घरांच्या अदलाबदलीची गोष्ट कळली. तुम्ही आमच्या घरात राहा, आम्ही तुमच्या. युरोपातलं एक म्हातारं जोडपं भेटलं, दोघंही निवृत्त शिक्षक. त्यांना सेवाग्राम पाहायचं होतं. हिवाळ्यातले एकवीस दिवस ठरले.

त्यांनी प्रत्येक खोलीचे फोटो पाठवले, मी रंगीत प्रिंट काढून आणल्या. बायको त्यांच्या स्वयंपाकघराच्या फोटोपुढे बसून राहायची. "अवो, या बाईचं मीठ कुठं असंन? मले तं कोणाले इचारता येनार नाई." तिला किल्ले नको होते, म्युझियम नको होतं. परक्या बाईच्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या होत्या आणि तिच्या खिडकीतून बाहेर काय दिसतं ते पाहायचं होतं. उभ्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलं ते एवढंच.

आणि मी शहाण्याने काय केलं? सत्कार करून घेतला! आपल्याकडे कुणी परदेशी निघाला की शाल-श्रीफळ आलंच. व्हिसाचा पत्ता नाही, पण शाळेत शाल, गल्लीत हार, आणि मी दहा मिनिटं भाषण ठोकलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! मुंबईच्या मुलाखतीत साहेबाने विचारलं होतं, राहणार कुठे? म्हटलं, त्यांच्या घरी. मग ते? आमच्या घरी. तो नुसता हसला होता. सत्कारानंतर आठव्या दिवशी पासपोर्ट परत आले, सोबत नकाराचा कागद.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "चार दिवस हासतीन लोकं, मंग इसरतीन."

"अन् शाल वापस करू का?" मी तिच्यावरच खेकसलो.

त्या जोडप्याला मात्र खरं कळवलं. तिकिटं काढली असतील तर या, घर तुमचंच, फक्त गल्लीत बोलू नका. सज्जन माणसं, त्यांनी शब्द पाळला. आम्ही बॅगा घेऊन स्टेशनवर गेलो, अख्खी गल्ली निरोपाला आली. जवळच्याच पुलगावला उतरलो, जीप केली आणि आंजीला बायकोच्या भावाच्या शेतातल्या खोलीत जाऊन लपलो. तिचं माहेर ते, पण कुणाच्या घरी जायची सोय नाही, बाजारात जायची सोय नाही. तिने नवीन स्वेटर बॅगेतून काढलाच नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून दिवसभर तिच्यावर चिडत होतो.

दहाव्या दिवशी, काय नशीब पाहा, शेजारच्या काकूंनी पाहुण्यांना हुरडा खायला आंजीतच आणलं. बाजूच्याच शेतात. आम्ही दार लावून घेतलं. फटीतून दिसत होतं, गोऱ्या बाईला काकूंनी लुगडं नेसवलं होतं, नवऱ्याच्या हातात भाजलेलं कणीस होतं. गल्लीने त्यांना एकही दिवस चूल पेटवू दिली नव्हती म्हणे, रोज एकेकाकडे जेवण. काकू शेतवाल्याला मोठ्याने सांगत होत्या, "हे आमच्या मास्तरीनबाईचे पाहुने. बाई तिकडं यांच्या घरी सयपाक करून राह्यली असंन!" सगळे हसले. बायकोने तोंडात पदर कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीला हात लावला, तो तिने झटकला.

परतल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या. कसं होतं वो? खाल्लं काय? मी मुखदुर्बळासारखा पेपर वाचत बसलो. खोटं माझं, बोलावं लागलं तिला. त्या प्रिंटांवरून तिने सगळं सांगितलं, कपाटं, पडदे, अंगणातलं झाड, खिडकीतून दिसणारा रस्ता. लग्नात, हळदीकुंकवात, जिथे जाईल तिथे कुणीतरी विचारायचंच. दरवेळी ती थोडं नवीन सांगायची आणि घरी येऊन माझ्याशी बोलायची नाही.

दुसऱ्या वर्षी त्या जोडप्याची मेल आली. या वेळी आम्ही रीतसर निमंत्रणाचं पत्र पाठवतो, अडचण येणार नाही, घर तुमची वाट पाहतं आहे. मी प्रिंट घेऊन नालवाडीहून जवळजवळ पळतच घरी आलो. म्हटलं, अवं, आता खरंच जाऊ. कोणाला सांगायचं नाही, हार नाही, तुरे नाही.

तिने मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"नाई," ती म्हणाली. "तिथं गेली तं मले माहं खोटंच दिसंन सगळीकडं. तुमी मले पाह्याले काईच ठेवलं नाई."