शिळं पाणी

श्रावणात एका सोमवारी बायको गेली. दिवाळीनंतर मी इंदापूरचं घर सोडलं, बारामतीला खोली घेतली आणि टेम्पोत सामान भरलं. तिचे दोन सोनेरी मासे झाकणाच्या बादलीत, त्यांच्याच टाकीतल्या पाण्यात घालून मांडीवर धरले. ती गेल्यापासून मी ते पाणी बदललं नव्हतं; केबिनभर शेवाळाचा वास पसरला. उसाच्या रानाकडेला टेम्पो थांबवून ड्रायव्हर म्हणाला, "सर, हे शिळं पानी वततो. हितं बोअरचं ताजं हाय." आपल्याकडे सकाळचं पहिलं काम तेच, कालचं पाणी ओतून हंडा भरायचा. त्याने बादलीला हातही घातला. मी ती छातीशी ओढली. "एकदम नव्या पाण्यात मासे मरतात. आणि हे माझ्या बायकोनं भरलेलं आहे. ती गेली." त्याने हात काढून घेतला. टेम्पो सुरू करत म्हणाला, "नवरीलाबी एवढं जपून आणलं न्हवतं मी, सर," आणि पुढचा प्रत्येक गतिरोधक हळू ओलांडला. मासे जगले. दर आठवड्याला थोडं थोडं बदलत गेल्यावर तिने भरलेलं पाणी आता उरलं नसेल. मासे आहेत.