चार नंबरच्या खणातली कोथिंबीर

चाळीस अ‍ॅम्प्लिफायरपैकी अकरा बोलत होते आणि एकोणतीस मुके होते. मुके म्हणजे ठार मुके. वाणी साहेब माईकमध्ये "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" म्हणून दमले होते. शेठ त्यांच्या मागे उभे राहून घड्याळ बघत होते. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि माल शनिवारी चांदवडच्या डीलरकडे जायचा होता.

साल अठ्ठ्याहत्तर. सातपूरला एमआयडीसीत एका शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे आम्ही सहा बायका, वाणी साहेब सुपरवायझर आणि शेठ. मंडळांना, शाळांना लागतात ते लाऊडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर आम्ही बनवायचो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे माईकमधला बारीक आवाज मोठा करणारी पेटी. माणसांना ती का लागते हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या चाळीत सगळ्यांचा आवाज तसाच मोठा होता.

काम साधं होतं. प्रत्येकीपुढे लाकडी खणांची पेटी. एक नंबरच्या खणातला पार्ट उचलायचा, पट्टीवर एक नंबरच्या जागी बसवायचा, सोल्डर करायचा, म्हणजे कथलाने चिकटवायचा. मग दोन नंबर, तीन नंबर. कुठल्या खणात काय आहे हे आम्हाला सांगायची पद्धत नव्हती. खण रोज सकाळी वाणी साहेब स्वतः भरायचे. "तुम्ही फक्त नंबर बघा," असं ते म्हणायचे. मी कळवणला चौथीपर्यंत शिकले होते, बाकीच्याही साधारण तेवढ्याच.

"ड्राय सोल्डर आहे," वाणी साहेब शेठना म्हणाले. ड्राय सोल्डर म्हणजे टाका वरून चिकटलेला दिसतो, पण आतून धरलेला नसतो. "बायकांचा हात घाईचा आहे."

आम्ही सगळे टाके पुन्हा मारले. त्यात दोन दिवस गेले आणि बोलणाऱ्यांत एकाचीही भर पडली नाही.

बुधवारी शेठ आमच्यापुढे उभे राहिले. "शनिवारपर्यंत चाळीसच्या चाळीस बोलले पाहिजेत. नाहीतर तुम्हा सहाही जणींना ब्रेक. सोमवारी नव्या मुली येतील."

ब्रेक म्हणजे नोकरी गेली. शब्द छोटा होता, म्हणून शेठना तो आवडायचा.

हिराबाई माझ्या शेजारी बसायची. ती म्हणाली, "अग बया! वर्षभर यांची मशिनं बोलत होती तवा आमचा हात चांगला व्हता. आता मुकी झाली तर आमचा हात वाईट?"

"हळू बोल," मी म्हणाले.

"का? अ‍ॅम्प्लिफायर चालू हाय व्हय?"

इथे मला माझ्या पुस्तकाबद्दल सांगावं लागेल. कारखान्यात ते कुणालाच माहीत नव्हतं. मेन रोडवरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मी ते घेतलं होतं. घरबसल्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारं, मुलांसाठी लिहिलेलं. मुखपृष्ठावरचा मुलगा हातात तारा धरून हसत होता. असा हसणारा माणूस मी आमच्या कारखान्यात कधी बघितला नव्हता, म्हणून घेतलं. आपण दिवसभर काय चिकटवतो ते एकदा कळावं, एवढाच हेतू होता.

पहिली वीस पानं मला महिना पुरली. एकविसाव्या पानावर पाण्याचा बझर होता. दोन तारांना पाणी लागलं की आवाज. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे कधीही यायचं आणि सहाच्या आत जायचं. मी तो बझर बनवून बादलीत सोडला. पहिले तीन दिवस तो वाजलाच नाही. चौथ्या दिवशी मला चूक सापडली. पाचव्या दिवशी तो असा वाजला की समोरचे तात्या चोर आला म्हणून काठी घेऊन बाहेर आले. पुढे चाळीतल्या सगळ्या बादल्या माझ्या बझरवर उठायला लागल्या. तात्या मात्र माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

ती चूक काय होती? रेझिस्टर. रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा तांदळाएवढा पार्ट. कमी अडवणार की जास्त, हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. दहा रंग, दहा आकडे. पुस्तकात ते पाठ करायला सांगितलं होतं. माझं पाठांतर शाळेतही कच्चं होतं, म्हणून मी स्वयंपाकघर लावलं. काळा म्हणजे मोहरी, शून्य. तपकिरी म्हणजे गूळ, एक. लाल म्हणजे तिखट, दोन. असं करत पाच म्हणजे हिरवी कोथिंबीर आणि नऊ म्हणजे मीठ. तिसऱ्या पट्टीवरून पुढे किती शून्यं ते कळतं. गूळ-मोहरी-तिखट म्हणजे एक हजार. गूळ-मोहरी-कोथिंबीर म्हणजे दहा लाख. माझ्या बझरमध्ये तिखटाच्या जागी कोथिंबीर पडली होती. दहा लाखांनी अडवल्यावर बझर काय वाजणार?

गुरुवारी सकाळी मी एक मुका अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून नुसता बघत बसले. चार नंबरच्या जागा प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीन. दोन ठिकाणी तिखट होतं आणि एका ठिकाणी कोथिंबीर. दुसरा घेतला. एक तिखट, दोन कोथिंबीर. बोलणाऱ्या अकरांत पाहिलं तर तिन्ही ठिकाणी तिखट. मग माझ्या पेटीतला चार नंबरचा खण पाहिला. नुसती मिसळ.

मी वाणी साहेबांकडे गेले. "साहेब, चार नंबरच्या खणात दोन जातीचे रेझिस्टर आहेत."

"लीलाबाई, तुम्ही नंबर बघा."

"नंबर बघूनच आले. रंग बघा म्हणते."

त्यांनी मूठभर घेतले, खिडकीपाशी नेऊन न्याहाळले. "सगळे एकच आहेत. ब्राऊन, ब्लॅक, रेड. जा, कामाला लागा."

मुठीत निम्मे हिरव्या पट्टीचे होते. आंधळ्यालाही दिसले असते, असं मी म्हणणार होते. मग थांबले. साहेब चिडले नव्हते. त्यांना घाम फुटला होता. चुकलेला माणूस चिडतो. घाबरलेल्याला घाम येतो.

जेवणाच्या सुट्टीत ते स्टोअरमध्ये एकटे डबा खात होते. मी आत गेले आणि दार लोटलं.

"साहेब, माझी साडी कुठल्या रंगाची आहे?"

ते दचकले. "हा काय प्रश्न आहे?"

"सांगा की. चौथी पासवालीचा प्रश्न आहे. सोपाच असणार."

त्यांनी साडीकडे बघितलं. पदरापासून काठापर्यंत बघितलं, अगदी परीक्षेला बसल्यासारखं. "तपकिरी," ते म्हणाले. मग हळूच, "आहे ना?"

साडी हिरवीगार होती. नागपंचमीला भावाने घेतलेली.

वाणी साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "डिप्लोमाच्या वेळी शेजारचा मित्र रंग सांगायचा."

"पण मग या लाईनीत कशाला आलात? रंगांशिवाय दुसरं आहे काय इथे?"

"आठवीत असताना मामांनी एक पुस्तक दिलं होतं. घरच्या घरी रेडिओ बनवायचं. त्यातलं सगळं छापलेलं काळंपांढरं. रंगांची नुसती नावं लिहिलेली. मला वाटलं, चला, जगात एक तरी काम आपल्यासाठी आहे."

मराठीत तशी पुस्तकं होतीच किती? विचारून पाहिलं तर त्यांचंही माझंच निघालं, फक्त जुनी आवृत्ती. माझ्या पिशवीतलं पुस्तक मी बाहेर काढलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, एकविसावं पान काढलं आणि म्हणाले, "हा बझर आमच्या वेळी एकोणिसाव्यावर होता."

"वाजला होता?"

"नाही."

"माझा वाजतो," मी म्हणाले. खरं ते सांगायला काय हरकत?

मग खरी हकीकत कळली. रेझिस्टर मुंबईहून पाकिटात यायचे. पाकिटावर आकडा छापलेला असायचा, साहेब तो वाचून खण भरायचे. शंका आली तर रेझिस्टरचा आकडा दाखवणारा मीटर लावून बघायचे. या वेळी पार्सल एस.टी.तून फाटून आलं, दोन पाकिटं एकत्र सांडली आणि मीटर नेमका मुंबईला दुरुस्तीला गेला होता. साहेबांनी तो ढीग नुसत्या डोळ्यांनी निवडला. सांगायची लाज वाटली. लाजेपायी आमचं सहा जणींचं पोट जाणार होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी उरलेल्या रेझिस्टरचा डबा माझ्यापुढे सरकवला.

दुपारी आम्ही सहाही जणी सुपात तांदूळ निवडावेत तशा ताटात रेझिस्टर निवडायला बसलो. हिराबाई म्हणाली, "हे काम मला ल्हान पोर असल्यापासून येतं. आधी सांगायचं की!" अर्ध्या तासात तिखट वेगळं, कोथिंबीर वेगळी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकोणतीसही अ‍ॅम्प्लिफायरमधली कोथिंबीर काढून तिथे तिखट बसवलं.

शनिवारी सकाळी शेठसमोर चाळीसावा अ‍ॅम्प्लिफायर लावला. साहेब माईकमध्ये "हॅलो" म्हणाले आणि पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडाली.

"चूक कुणाची होती?" शेठनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खोटं बोलत नाही. पण विचारल्यापेक्षा जास्तही बोलत नाही.

"पार्सल फाटलं होतं, शेठ," मी म्हणाले. "आता खण मी भरत जाईन. साहेबांना तेवढा वेळ नसतो."

"तुम्हाला रंग कळतात?"

"मला कळतात," मी म्हणाले. साहेब जोरात खोकले.

नोकऱ्या राहिल्या, सातही. मी खण भरायला लागले, मग टेस्टिंगला बसले, मग रिपेअरिंगला. साहेबांनी मला पुढची जाड पुस्तकं शिकवली आणि मी त्यांना रंग सांगितले. शेठना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आमचं गुळपीठ आहे. पुढे पंचवीस वर्षं मी याच कामात काढली आणि अजूनही घरी टेबलावर काही ना काही उघडलेलं असतं.

तशी पुस्तकं वाचून या कामाला लागलेली माणसं मला पुढे पुष्कळ भेटली. एक कारकून, ओझरच्या फॅक्टरीतले दोन फिटर, एक भजनी बुवा. सगळ्यांत एक गोष्ट सारखी. आपल्याला हे जमणार नाही, हे त्यांना पुस्तकात कुठेच लिहिलेलं सापडलं नव्हतं. म्हणून ते करत सुटले. त्यातल्या निम्म्यांना शॉक बसलेला आहे.

तेव्हा पुस्तक जरूर घ्या. पण आधी प्लग काढा.