न रंगवलेला उंदीर

काजळीच्या कारखान्यात रोज पांढराशुभ्र शर्ट घालून येणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्यांना काजळीसर म्हणायचो. टायरमध्ये घालायची काजळी रोह्याच्या ज्या कारखान्यात व्हायची, तिथे मी प्रयोगशाळेत टायपिस्ट होते आणि माझे बाबा पॅकिंगमध्ये पोती भरायचे. सर केमिकल इंजिनिअर. शर्टावरून कुणी हसलं की म्हणायचे, "दिसते ती काजळी बिचारी साबणाने जाते. न दिसणारीचं काय ते बघायला मी आलोय."

न दिसणारी म्हणजे आज लोक जिला नॅनो म्हणतात ती. ज्वाळेत कार्बनचे कण कसे जन्मतात, एकमेकांवर आदळून त्यांचे झुपके कसे होतात, याचं गणित ते कॉम्प्युटरवर मांडायचे. वीज गेली की दोन दिवसांचं काम पाण्यात. सर चिडायचे नाहीत. "चला, पुन्हा जन्माला घालू," म्हणून बसायचे. समजावताना एक मूठ दुसरीवर आपटायचे, "आदळला की चिकटला!" डबा खाताना आम्ही त्यांची नक्कल करायचो आणि ते आमच्याहून जास्त हसायचे.

त्याच गणितावर त्यांनी अहवाल दिला. सुटे बारीक कण पॅकिंगपर्यंत पोचत नाहीत, वाटेतच त्यांचे झुपके होतात आणि कापडी फिल्टरमध्ये अडकतात. टाईप मीच केला. साहेबलोकांना तेच हवं होतं, महागडा नवा फिल्टर बारगळला. मीही घरी येऊन शहाणपणा केला. बाबांना म्हटलं, तोंडाला ओलं फडकं कशाला बांधता, सरांनी गणित केलंय. बाबांनी फडकं सोडलं.

वर्षभरात पॅकिंगमधली चार माणसं खोकू लागली. त्यात बाबा होते. सरांचं हसणं बंद झालं. पेणला ते ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्यांचा गणपतींचा कारखाना होता. तिथून त्यांनी प्लास्टरचा एक न रंगवलेला उंदीर मागून आणला, फिल्टरच्याच कापडात घट्ट बांधला आणि पॅकिंगच्या खोलीत टांगला. पंधरा दिवसांनी गाठ सोडली तेव्हा मी शेजारी होते. उंदीर कानांच्या आतपर्यंत राखाडी झाला होता. सरांनी त्यावरून बाही फिरवली, ती काळी झाली. "सगळे चिकटत नाहीत गं लता," ते म्हणाले. "अगदी बारीक असतात ते आदळून परत उडतात. मी सगळे चिकटतात असं धरून चाललो."

दुसरा अहवाल साहेबांनी कपाटात टाकला. मग सरांनी कुठल्याच अधिकाऱ्याने केलं नसतं ते केलं. पॅकिंगमधल्या एकेकाच्या घरी गेले. आमच्याकडे आले तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. सर उभ्यानेच म्हणाले, "माझं गणित चुकलं. तुम्ही पॅकिंग सोडा."

"आता सोरून काय करू सर? आत गेलाय तो भायेर येनार हाय काय?"

बाबांनीच सरांना हाताला धरून बसवलं. "तुमी सांगाला तरी आलाव. बाकी कोन आला नाय. गो लता, सरांना चाय कर."

त्या महिन्यात सरांची नोकरी गेली. घरोघर बातमी गेली होती म्हणून शेवटी नवा फिल्टर बसला, पण तोवर बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या तेराव्याला सर आले. अंगात पांढरा शर्ट नव्हता. निघताना मी त्यांना फाटकापाशी गाठलं आणि कुणालाच न सांगितलेलं सांगितलं, की फडकं मीच सोडायला लावलं होतं.

सर म्हणाले, "फडक्यानेही थांबले नसते ते कण. एवढं तरी माझं गणित आता बरोबर आहे."

ते एसटी स्टँडकडे चालत गेले. पुन्हा भेटले नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. प्रयोगशाळेत राहिलेला तो उंदीर माझ्याकडे आहे. गणपतीत घरातली मुलं रंगांच्या डब्या घेऊन येतात आणि हा रंगवू का म्हणून विचारतात. मी हात लावू देत नाही.